वहीत नसलेलं झाड

क्राहुल्का, ११ मार्च २०२३

पोला,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांत पहिलं, आणि तेही चित्राचं. बीचचं जंगल, उन्हाचे कवडसे, कोपऱ्यात स्लोव्हेनियाचं तिकीट. टपालवाल्या बाईनं ते पेटीत टाकलं नाही. दार वाजवून हातात दिलं आणि म्हणाली, "थोरली येतेय म्हणे ऑक्टोबरात!" म्हणजे वाचून झालं होतं. मी म्हटलं, "बघू." आता गावात सगळे "बघू" म्हणतायत.

तू लिहिलंयस की ओढ्यापलीकडच्या उतारावर पुन्हा झाडं लावायची आहेत, त्यासाठी सरपंच कुबेल्कांनी तुला बोलावलंय, आणि बाबांची हरकत नसेल तरच तू येशील. मी त्यांना विचारावं, असं तुझं म्हणणं. विचारीन. वेळ पाहून विचारावं लागेल. त्यांचे गुडघे दुखतायत, ते खिडकीशी बसून उघड्या उताराकडे पाहत असतात, आणि अशा वेळी तुझं नाव काढलं तर सूप ताटलीत तसंच राहतं. आधीही काढून पाहिलंय.

तू मागच्या महिन्यात रेडिओवर बोललीस, तेही ऐकलं आम्ही. तुझं नाव सांगितल्याबरोबर बाबांनी रेडिओ बंद केला. मी शेळ्यांकडे गेले आणि कुंपणापलीकडून हेदविकामावशीच्या रेडिओवर तुला ऐकलं. परत आले तेव्हाही रेडिओ बंदच होता, पण बटाट्याची साल टेबलावर एका सलग लांब पट्टीत पडली होती. लक्ष देऊन ऐकत असले की त्यांच्या हातून साल अशी निघते. माझं बोलणं ऐकताना नेहमी तुकडे पडतात.

हेदविकामावशी कुंपणावरून ओरडली, "काय गं वेंदा, बहीण रेडिओवर बोलते आणि तू शेळ्यांशी?" मी म्हटलं, "शेळ्या मध्ये जाहिराती लावत नाहीत." ती हसली. मला हसू आलं नाही.

तू म्हणालीस की एकाच जातीचं जंगल म्हणजे एकाच खुंटीवर टांगलेलं सगळं घर. छान म्हणालीस. तुला असं नेहमीच सुचतं.

कार्डाच्या तळाशी, तिकिटाच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंयस, "चिठ्ठी अजून आहे ना?"

कुठली चिठ्ठी?

वेंदुला


क्राहुल्का, २ एप्रिल

पोला,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. ते एक वाक्य मला तीन आठवडे टोचतंय, म्हणून हे पत्र.

चिठ्ठी आहे. वेफरच्या वेष्टनाच्या आतल्या चंदेरी बाजूवर, तुझ्या अक्षरात: "९. ओढ्यापलीकडे, वरच्या वाटेपासून साठ पावलं." लिहिलेला कागद मला फाडता येत नाही हे तुला माहीत होतं, म्हणूनच "आहे ना" असं विचारलंस. "आहे का" असं नाही. माझ्याबद्दल इतकी खात्री बाळगलेली मला आवडत नाही.

मी नऊ वर्षांची होईपर्यंत आपली शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, बाबा आणि दाराबाहेरचं जंगल. वजाबाकी मी ओंडक्याच्या वर्तुळांवर शिकले, बाराखडी झाडांवरच्या खुणांवर. ते तुझ्या डोळ्यांवर मफलर बांधायचे ते आठवतं? एकेका स्प्रूसपाशी नेऊन उभं करायचे. तू नाक सालीला लावायचीस आणि एखाद्या ठिकाणी म्हणायचीस, "ह्यात आहेत." बाबा चाकूनं साल उचकटायचे आणि खाली किडे असायचे, पांढुरक्या अळ्या, बोटांच्या ठशांसारखी नक्षी. वरून झाड हिरवंगार. मग माझ्या डोळ्यांवर मफलर. मला राळेचा वास यायचा. दहाही झाडांना फक्त राळेचा.

"पोलाचं नाक आणि वेंदाची वही," बाबा म्हणायचे, "दोन्ही मिळून एक पुरा वनरक्षक." मला बरं वाटावं म्हणून म्हणायचे. पण नाक जन्मतःच मिळतं. वही गावातल्या दुकानातही मिळते.

तरी ती मी नीट ठेवली. दर वर्षी मार्चमध्ये बाबा काही निरोगी स्प्रूस पाडायचे आणि आमिष म्हणून पडून ठेवायचे. किडे उभी झाडं सोडून त्यांच्यात शिरायचे. आणि जूनमध्ये, आतली पिल्लं उडायच्या आधी, आपण तिघं जाऊन एकेकाची साल सोलून काढायचो. एकही विसरायचं नाही. विसरलेलं आमिष म्हणजे आपणच घातलेलं ताट. म्हणून प्रत्येक झाडाचा नंबर आणि जागा माझ्या वहीत. "वहीत नाही ते जंगलात नाही," असा बाबांचा नियम.

नववं माझ्या वहीत नव्हतं. मी विसरले. इतकंच झालं. रोपवाटिकेत काम होतं, तू दुसऱ्या दिवशीच्या बसनं ब्रनोला गेलीस, आणि मी विसरले.

बाबांना अजून विचारलेलं नाही.

वें.


क्राहुल्का, २१ मे

पोला,

शुक्रवारी खानावळीच्या मागच्या दालनात गावाची बैठक झाली. कुबेल्कांनी तुझा आराखडा वाचून दाखवला: बीच, फर, ओक, मॅपल, कुठलीही एक जात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, रोवन आणि बर्च आपसूक येतायत ते येऊ द्यायचे, काही मेलेले ओंडके जागच्या जागी ठेवायचे. सगळ्यांनी तुझ्या अक्षरातला तो नकाशा हातोहात फिरवला. माझ्याकडे आला तेव्हा त्यावर बिअरचे दोन गोल डाग पडले होते. तरी सुंदर होता. तू प्रत्येक वाट अचूक काढलीयस, पाच वर्षं न पाहता. मी रोज चालते त्या वाटा.

बाबा दोन काठ्या घेऊन आले होते. कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांची खुर्ची कोणी घेतलीही नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी हे जंगल राखलं, गाव अजून त्यांच्या तोंडाकडे पाहतं.

"स्काल्निक साहेब, तुमचं काय मत?" कुबेल्कांनी विचारलं.

"माझ्या पणजोबांनी तिथं स्प्रूस लावले."

"आणि ते गेले की हो. मागच्या बाजूचे, शेजारच्या गावाचे, सगळेच."

"गेले नाहीत. घालवले." मग काठीचं टोक तुझ्या नकाशाकडे केलं. "जिला एक झाड मोजता आलं नाही, ती आता अख्खं जंगल मोजणार होय?"

मग हेदविकामावशी मागून म्हणाली, "अहो, तुम्ही स्प्रूसचे नवरे. तिच्यावर सवत तुम्हाला चालायची कशी?" लोक हसले, बाबासुद्धा मिशीत हसले, आणि कुबेल्कांनी ती संधी साधून निर्णय सप्टेंबरवर ढकलला. तोवर उतारावर काय काय आपोआप उगवलंय ते मोजायचं. कोण मोजणार? "वेंदुला मोजेल," सगळे एकदम म्हणाले. "ती चुकत नाही."

चिठ्ठी तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात होती. मी ती मुद्दाम घेऊन गेले होते. वाटलं होतं, वेळ आली तर उठून बोलीन. वेळ आली. मी तुझ्या नकाशावरचा डाग बाहीनं पुसत बसले.

परतताना बाबा वाटभर तुझ्याविषयीच बोलत होते. कसा अहंकार, कशी बेपर्वाई, आणि तेही असलं नाक असून! मी त्यांचा हात धरून चालले होते आणि ते तुझ्याशी भांडत होते. तू ज्या दिवशी गेलीस त्या दिवसापासून या घरात मी एकटी आहे, आणि तरी त्यांचा रागसुद्धा तुझ्याच वाट्याला येतो. माझ्यावर ते कधी रागावत नाहीत. रागवावं असं माझ्यात काही नसतंच.

मी त्यांना विचारलं नाही. आता विचारायची गरजही उरली नाही. तुझं उत्तर तुला मिळालं. येऊ नकोस.

वेंदुला


क्राहुल्का, १८ जून

पोला,

"येऊ नकोस" लिहिलं ते खोडते.

आठवडाभर उतारावर आहे. चार काठ्या आणि दोरी, एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन, तो टाकायचा आणि आतलं सगळं मोजायचं. आजवर साठ चौकोन झाले. रोवन, बर्च, थोडे मॅपल, खूप रास्पबेरी. ओकची सतरा रोपं, जिथं आसपास ओकचं एकही झाड नाही तिथं. 'जे' नावाच्या पक्ष्यांनी ओकची फळं पुरली आणि विसरले. पक्षी विसरले की जंगल उगवतं, हेही तू कुठंतरी छानसं म्हणाली असशीलच. फरची रोपं फार कमी, आणि जी आहेत त्यांचे शेंडे हरणांनी खाल्लेले. कुंपण लागेल, ते आराखड्यात घाल.

रेडिओवर तू म्हणाली होतीस, अशा ठिकाणी मीटरला एक-दोन रोपं सापडतील. माझी सरासरी एक पूर्णांक चार येतेय. तिथं बसून, न पाहता, बरोबर. मी दोनदा मोजलं, खरं सांगायचं तर तू चूक निघावीस म्हणून.

काल साठ पावलांवरच्या त्या झाडापाशी पोचले. तुझं नऊ. ठेकेदाराच्या माणसांनी उतारावरचं सगळं लाकूड ओढून नेलं, हे मात्र सडकं म्हणून टाकून गेले. साल केव्हाच गळलीय, अंगभर शेवाळ, आणि शेवाळात स्प्रूसची पोरं उगवलीयत, बोटाएवढी, एका रांगेत. अठ्ठावीस. बुंध्याच्या कापलेल्या तोंडावर बोट फिरवलं तर हातोड्याचा छाप अजून लागतो: स्काल्निकांचा 'एस'.

हातोड्याचं आता सांगायलाच हवं.

त्या वर्षी ईस्टरच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर, गोड पावाशेजारी, बाबांनी तो ठेवला. आजोबांचा, लाकडावर छाप मारायचा हातोडा. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. मी इथं राहिले होते, रोपवाटिकेत काम धरलं होतं. तू शिकायला गेली होतीस आणि सुटीला यायचीस. त्यांनी तो तुझ्याकडे सरकवला. "नाक ज्याचं, हातोडा त्याचा." तू खुर्चीवरून उडी मारून त्यांच्या गळ्यात पडलीस. मी पावाचे काप केले. सगळे सारखे.

मंगळवारी तू उतारावर जाऊन स्वतःच्या मनानं एक जादा झाड पाडलंस, कारण तुला त्या बाजूनं वास आला होता. नव्या हातोड्याचा छाप मारलास. मग रोपवाटिकेच्या फाटकाशी येऊन ती चिठ्ठी माझ्या मातीच्या हातात कोंबलीस आणि म्हणालीस, "लिहून ठेव हं, वहीवाली!"

तू प्रेमानं म्हणालीस. मला ठाऊक आहे.

मी विसरले नव्हते, पोला. संध्याकाळी वही उघडली. आठच्या खाली पेन टेकवलं आणि उचललं. उद्या लिहू म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हटलं. मला वाटायचं, बाबांनी एकदा, फक्त एकदा, फेरीत अचानक ते झाड पाहावं आणि म्हणावं, "पोलानं कळवलं नाही?" एवढीच चूक तुझ्या नावावर हवी होती मला. छोटीशी. जूनपर्यंत कोणीतरी पाहीलच असं धरून चालले होते. जूनमध्ये बाबांनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, "वहीत आठ." शब्द नीट बघ. खोटं बोलले नाही. त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, तुला माहीतच आहे, झाडांकडे किड्यांना बुडवायला राळसुद्धा उरली नव्हती. जुलैत बाबांना ते झाड सापडलं तेव्हा सालीला बंदुकीच्या छऱ्यांसारखी भोकं होती आणि मागचे स्प्रूस लाल पडायला लागले होते.

मग ते जेवण. "मी चिठ्ठी दिली होती," तू म्हणालीस. बाबांनी मला विचारलं, "वहीत आहे?" मी म्हटलं, "नाही." तू माझ्याकडे पाहिलंस. मी ताटलीत पाहिलं. "तू माझं जंगल मारलंस," ते तुला म्हणाले. तू हातोडा दाराशेजारच्या खिळ्याला टांगलास आणि गेलीस. चिठ्ठीचा शब्द पुन्हा कधी काढला नाहीस. मी आपण होऊन देईन अशी वाट पाहत होतीस का? पाच वर्षं?

हातोडा अजून तिथंच आहे. एकदा मी तो गोठ्यातल्या सरपणावर मारून पाहिला. बाबांनी तो छाप पाहिला आणि रंधा घेऊन तेवढा तासून टाकला.

तू म्हणशील, एका झाडानं उतार मरत नाही. त्या वर्षी अख्ख्या टापूत तेच झालं, दुष्काळ होता, एकाच जातीचं रान होतं. खरं असेल. आकडे तुझ्याकडे आहेत. पण तू घराबाहेर गेलीस ती दुष्काळानं नाही.

हे पत्र टाकीन की नाही माहीत नाही. टाकलंच तर लगेच उत्तर देऊ नकोस. तू मोठ्या मनानं काहीतरी लिहिशील आणि ते मला सहन होणार नाही.

वेंदा


क्राहुल्का, ३ सप्टेंबर

पोला,

तू उत्तर दिलं नाहीस. आभार.

आज सांगितलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही सकाळची मशरूम निवडत होतो. बाबा देठ खरवडत होते, मी अळ्या लागलेली बाजूला टाकत होते. मी चिठ्ठी मशरूमच्या मध्ये ठेवली.

"हे काय? वेफर खाल्लास होय?"

"उलटं करा."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"पोलाचं अक्षर."

"हो."

"कधीची?"

"त्याच वेळची. तीन एप्रिल."

"तुला कधी सापडली?"

तू इथं असतीस तर तुला दिसलं असतं, त्यांनी मला केवढी मोठी वाट करून दिली होती. 'काल सापडली' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. माझ्यावर ते नेहमी ठेवतात.

"हरवली नव्हती," मी म्हटलं.

"वही आण."

आणली. त्यांनी स्वतः पान काढलं. एक ते आठ, माझं स्वच्छ अक्षर, आणि आठच्या खाली एक कोरी ओळ. मग बेरीज. त्यांनी बोट त्या कोऱ्या ओळीवर ठेवलं. मला त्या ओळीची आठवणच नव्हती, पोला. खरंच नव्हती.

"तू ओळ कधी सोडत नाहीस," ते म्हणाले. "कागद वाया जातो म्हणून मीच शिकवलंय तुला. ही कोणासाठी सोडली होतीस?"

"नऊसाठी."

"म्हणजे विसरली नव्हतीस."

"नाही."

ते ओरडतील असं वाटलं होतं. तुझ्यावर ओरडले होते तसे. त्यांनी फक्त पेन माझ्यासमोर सरकवलं. हातोडा तुझ्याकडे सरकवला होता ना, अगदी तसंच. "लिही."

मी लिहिलं. नऊ, ओढ्यापलीकडे, वरच्या वाटेपासून साठ पावलं.

"कोणी पाडलं तेही लिही."

तुझ्या कागदोपत्री नावानं, आ. स्काल्निकोवा. लिहिलं.

"तुझ्या अक्षराची मी कधी शंका घेतली नाही," ते म्हणाले. "तिच्या तोंडाची घेतली." मग उठले, काठ्या घेतल्या. मी हात पुढे केला तो त्यांनी पाहिलाच नाही. ओढ्यापर्यंत जायला त्यांना पाऊण तास लागला. मी खिडकीतून पाहत होते. पुलाच्या अलीकडे उभे राहिले, पलीकडे चढणं त्यांना झेपत नाही. तिथून त्यांनी टोपी काढली. जंगलासाठी काढली की तुझ्यासाठी, मला कळलं नाही. माझ्यासाठी नव्हती एवढं कळलं.

मशरूम तशीच राहिली. मी एकटीनं निवडली.

वेंदा


क्राहुल्का, २४ सप्टेंबर

पोला,

ये. चौदा ऑक्टोबरला लागवड ठरलीय, गावानं तुझा आराखडा मान्य केला.

बैठकीत बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "ते नववं झाड पोलानं कळवलं होतं. चूक माझ्या घरात झाली, तिची नव्हती. मी मुलीला खोटं ठरवलं." बसले. माझं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती, त्या घरात आम्ही दोघंच आहोत. सगळ्यांनी एकदम माना वळवून माझ्याकडे पाहिलं. बाहेर हेदविकामावशीनं मला कवेत घेतलं आणि कानात म्हणाली, "मूर्ख कुठली! मला सांगितलं असतंस तर मी अख्ख्या गावाला सांगून मोकळं केलं असतं तुला." मी रडले, तिच्या कोटाला सगळा कांद्याचा वास होता.

सरपंचांनी मोजणीचा कागद मात्र माझाच धरला. "आकडे वेंदुलाचेच," म्हणाले, जरा थांबून. ते 'जरा थांबणं' आता राहणार, मला वाटतं.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आज बाविसावा दिवस. जे सांगायचं ते स्टोव्हला सांगतात. "तिची खोली झाडून घ्यायला हवी," असं स्टोव्हला म्हणाले, मी झाडली. "तिला लिहा, स्प्रूस दहात दोन तरी हवेत, नाहीतर मी पुलावर आडवा पडेन," हेही स्टोव्हलाच. लिहिलं. हातोडा खिळ्यावरून काढून त्याचा दांडा त्यांनी तेलानं पुसलाय. तो तुझ्या खोलीत ठेवलाय. माझी वहीही.

वही जाईल असं वाटलं नव्हतं. कपाट उघडून तुझ्या फळीवर ठेवली त्यांनी, माझ्यादेखत. आता नाकही तुझं, वहीही तुझी. मला खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते: त्या क्षणी मला ती चिठ्ठी दिल्याचा पश्चात्ताप झाला. पाचेक मिनिटं. मग मी जाऊन फरच्या रोपांना पाणी घातलं. चारशे आहेत, माझ्या हातची, शेंडे शाबूत. ती तुला मिळतील.

येशील तेव्हा बाबांना माझी बाजू घेऊन काही सांगू नकोस. तुला ते जमेल, दोन वाक्यांत जमेल, ते विरघळतील आणि ताटलीवरून मला हाक मारतील. तसं करू नकोस. काल मी सूप वाढलं तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं फक्त तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायचे. बटाट्याची साल बशीत पडली होती. एका सलग पट्टीत.

हा राग माझा आहे, पोला. पहिल्यांदा माझा. तू आलीस की त्यात वाटा मागू नकोस.

बस चार वाजून दहा मिनिटांनी येते. थांब्यावर मी असेन.

वेंदुला